जंतू मेले, पण विषाचं काय? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर हा प्रश्न हमखास ऐकू येतो: "तीन दिवस एवढं भारी अँटिबायोटिक चालू आहे, तरी पेशंट सुधारत का नाही?" कारणं बरीच असू शकतात. त्यातलं एक फारसं कुणी समजावून सांगत नाही. काही आजारांत जंतूंपेक्षा त्यांनी सोडलेलं विष जास्त घातक असतं, आणि त्या विषावरचा इलाज वेगळा असतो. त्या इलाजांविषयी लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं. कुणाला काय आणि किती द्यायचं, हे मात्र पेशंट समोर असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

जिवाणूचं विष म्हणजे नेमकं काय?

मेंढपाळांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्याआधी ते मेंढ्यांना 'आंत्रविषारा'ची लस टोचून घेतात. आतड्यातले जिवाणू विष सोडतात आणि धडधाकट मेंढी काही तासांत आडवी होते, हे त्या नावातच आलं आहे.

माणसातही तेच घडतं. घटसर्प (डिप्थीरिया), धनुर्वात, बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारा आजार), पटकी (कॉलरा) या आजारांचे जिवाणू एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात. त्याला बहिर्विष म्हणतात. त्याची ताकद अफाट असते. घटसर्पाच्या विषाचा एक रेणू पेशीच्या आत शिरला, तर तिचं प्रथिनं बनवायचं काम बंद पाडून तिला मारायला पुरतो. दुसरा प्रकार अंतर्विषाचा. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचाच तो भाग असतो आणि जिवाणू फुटला की मोकळा होतो. या दुसऱ्या प्रकारानं औषध कंपन्यांचे किती पैसे बुडवले, ते पुढे येईलच.

मग अँटिबायोटिक विषावर का चालत नाही?

साप ठेचला म्हणून अंगात चढलेलं विष उतरतं का? तसंच हे. अँटिबायोटिक जिवाणूला मारतं किंवा त्याची वाढ थांबवतं. त्यामुळे नवं विष बनणं थांबतं आणि लागण इतरांपर्यंत पोचत नाही, म्हणून ते द्यावंच लागतं. पण रक्तात आधीच उतरलेल्या विषाला त्याचा धक्काही लागत नाही.

प्रतिविष आणि लस एकच का?

नाही, आणि हा गोंधळ आपल्या बोलण्यातूनच झाला आहे. साप चावल्यावर देतात त्याला आपण 'सापाची लस' म्हणतो, पण ती लस नव्हे. ते प्रतिविष आहे. लस शरीराला प्रतिपिंडं, म्हणजे विषाला पकडणारी प्रथिनं, बनवायला शिकवते. त्याला काही आठवडे लागतात, पण तो धडा वर्षानुवर्षं टिकतो. प्रतिविषात तयार प्रतिपिंडं असतात. ती शिरेतून गेली की लगेच कामाला लागतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपून जातात.

यात एक अट आहे आणि सगळी धावपळ तिच्यामुळेच होते. प्रतिविष फक्त मोकळं फिरणारं विष पकडतं. पेशीत शिरलेलं किंवा मज्जातंतूला चिकटलेलं विष त्याच्या हाती लागत नाही.

हे घोड्यांपासून बनवतात हे खरं?

खरं आहे, आणि गेली सव्वाशेहून अधिक वर्षं असंच चालू आहे. 1890 मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं, की धनुर्वाताच्या विषाची सवय करवलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. या कामासाठी 1901 चं वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं. (कितासातोंना मिळालं नाही, ही चुटपुट अनेकांना आजही आहे.) घोडा निवडला गेला, कारण तो मोठा, सोशिक आणि रक्त भरपूर देणारा. त्याला निष्प्रभ केलेलं विष थोडं थोडं टोचत जायचं, प्रतिपिंडं वाढली की रक्त काढायचं आणि त्यातून प्रतिविष शुद्ध करायचं.

पुण्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. सिरम इन्स्टिट्यूट आज जगाला लशी पुरवते, पण तिचं मूळ घोड्यांच्या तबेल्यात आहे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. आपल्याच घोड्यांपासून आपणच सिरम का बनवू नये, या विचारातून 1966 मध्ये संस्था उभी राहिली आणि सुरुवातीलाच धनुर्वाताचं प्रतिविष तिथे तयार होऊ लागलं.

घटसर्पाचा संशय आला, तर रिपोर्टची वाट का बघत नाहीत?

कारण रिपोर्ट यायला दिवस लागतात, आणि विषाला तासही पुरतात.

घशात करडा-पांढरा, घट्ट चिकटलेला पडदा दिसतो, खरवडायला गेलं तर रक्त येतं. ताप बेताचाच असतो, मान दोन्ही बाजूंनी सुजते आणि लसीकरणाच्या कार्डावर डोस राहिलेले असतात. एवढं दिसलं की अनुभवी डॉक्टर घशाचा नमुना घेऊन लगेच प्रतिविषाची सोय करतात. उशीर झाला तर विष हृदयाच्या स्नायूत आणि नसांमध्ये शिरतं. घसा बरा दिसायला लागतो, घरचे निश्चिंत होतात, आणि दुसऱ्या आठवड्यात हृदयाचे ठोके बिघडतात. पुढच्या काही आठवड्यांत आवाज घोगरा होणं, पाणी नाकातून येणं, हातापायांतली ताकद जाणं हेही होऊ शकतं. त्या वेळी प्रतिविष देऊन काही उपयोग नसतो.

प्रतिविषाची मात्रा वजनावर ठरत नाही. विष मुलाच्या अंगात आहे की मोठ्याच्या, यानं फरक पडत नाही. ते किती आहे यानं पडतो. म्हणून आजार कुठवर पसरला आणि किती दिवस झाले, ते बघतात. घशापुरता, दोन दिवसांच्या आतला आजार असेल तर साधारण 20,000 ते 40,000 युनिट. नाकापर्यंत पसरला असेल तर 40,000 ते 60,000. तीन दिवस उलटले किंवा मान सुजली, तर 80,000 ते 1,00,000. जोडीला 14 दिवस अँटिबायोटिक. जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 च्या मार्गदर्शनात पेनिसिलिनपेक्षा अझिथ्रोमायसिन-एरिथ्रोमायसिनच्या गटाला पसंती दिली आहे.

जनावरांना घटसर्पाची लस देतात, तोच हा आजार का?

नाही. गायी-म्हशींचा घटसर्प वेगळ्या जिवाणूचा. नाव तेवढं सारखं. गोठ्यातली लस घरातल्या मुलाच्या कामाची नाही, आणि जनावराकडून माणसाला हा घटसर्प होत नाही.

प्रतिविष मिळत नाही असं ऐकलं. खरंच तुटवडा असतो?

असतो, आणि त्यामागचं कारण उपरोधिक आहे. लसीकरणामुळे आजार कमी झाला, मागणी आटली, आणि बनवणाऱ्यांनी एकेक करून हात आखडता घेतला. 2015 मध्ये स्पेनमधल्या ओलोत गावी लस न घेतलेल्या सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला. त्या देशात जवळपास तीन दशकांत रुग्णच नव्हता, त्यामुळे प्रतिविषही नव्हतं. ते रशियातून आणवलं गेलं. मूल वाचलं नाही. 2017 मध्ये बांगलादेशातल्या रोहिंग्यांच्या छावण्यांत साथ आली, तेव्हाही कुपी जपून वापराव्या लागल्या.

भारतात प्रतिविष बनतं, पण प्रत्येक तालुक्याच्या फ्रिजमध्ये ते असेलच असं नाही. म्हणून संशयित मुलाला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवताना आधी फोन करून 'एडीएस (घटसर्पाचं प्रतिविष) आहे का' विचारणारा डॉक्टर अर्धी लढाई तिथेच जिंकतो.

घोड्याच्या प्रतिविषाची रिअॅक्शन येते का?

येऊ शकते. घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकं. कुणाला काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. म्हणून अॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवूनच ते देतात. कुणाला आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ, सांधेदुखी होते. तोवर पेशंट घरी आलेला असतो आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला. डिस्चार्जच्या वेळी हे सांगायला हवं. बऱ्याचदा राहून जातं.

खिळा लागला, टीटी घेतलं. आता धनुर्वाताची काळजी नको ना?

आधीचे डोस पूर्ण असतील तर नको. पण 'टीटी' ही लस आहे. सरकारी कार्यक्रमात तिच्या जागी आता टीडी आली आहे, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही बंदोबस्त. लहानपणीचे डोस झालेल्या माणसाच्या शरीराला ही सुई जुन्या धड्याची आठवण करून देते. ज्यानं धडा कधी गिरवलाच नाही, किंवा किती डोस घेतले हेच माहीत नाही, त्याला आठवण करून देऊन काय होणार?

अशा माणसाची जखम माती, शेण, काटा किंवा चिरडलेल्या मांसाची असेल, तर लसीबरोबर धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते माणसाच्या रक्तातून बनवलेलं प्रतिविष. नेहमीची मात्रा 250 युनिट, लहान-मोठ्या सगळ्यांना सारखीच. लस एका हाताला आणि हे दुसऱ्या अंगाला, वेगळ्या सिरिंजनं.

दोन गैरसमज इथेच निकालात काढू. गंजामुळे धनुर्वात होत नाही. खिळ्यावर चिकटलेल्या मातीतल्या बीजाणूंमुळे, म्हणजे जिवाणूच्या सुप्त, टणक रूपांमुळे होतो, आणि तो बाभळीच्या स्वच्छ दिसणाऱ्या काट्यानंही होतो. दुसरं, प्रत्येक खरचटण्याला टीटी घ्यायची गरज नसते. डोस पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसनंतर दहा वर्षं आणि घाणेरड्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तरच पुन्हा द्यायची. दर सहा महिन्यांनी टोचून घेण्याची आपल्याकडची रीत शास्त्राला धरून नाही.

धनुर्वात झाल्यावर प्रतिविष देऊनही इतके दिवस झटके का येत राहतात?

हे विष नसेच्या टोकातून आत शिरतं आणि उलट्या दिशेनं मज्जारज्जूपर्यंत चढत जातं. स्नायूंना 'आता सैल पड' असा निरोप देणाऱ्या पेशींचं तोंड ते बंद करतं. मग जबडा मिटतो, पाठीची कमान होते. धनुर्वात हे नाव त्या कमानीवरूनच पडलं. चिकटलेलं विष सुटत नाही, नसेला नवी टोकं फुटावी लागतात. त्याला आठवडे लागतात. तोवर अंधारी शांत खोली, डायझेपामसारखी औषधं, मॅग्नेशियम आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर, याच आधारावर माणूस तगतो. इम्युनोग्लोब्युलिन उरलेलं विष पकडतं, मेट्रोनिडाझोल जखमेतला जिवाणू मारतं आणि जखम साफ केली की विषाचा कारखाना बंद होतो. तिन्ही कामं पहिल्याच दिवशी व्हायला हवीत.

बाळाला मध चाटवू नका असं डॉक्टर का म्हणतात?

कारण मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथेच विष बनवत राहतात. आधी बद्धकोष्ठ, मग दूध ओढणं कमी, रडणं क्षीण, मान लुळी. बाळगुटी मधात उगाळणाऱ्या आजीला हे सांगणं अवघड जातं, पण सांगायलाच हवं. मध शुद्ध असला किंवा घरच्या पोळ्याचा असला, म्हणून बीजाणू नसतात असं नाही.

अमेरिकेत यावर माणसाच्या रक्तातून बनवलेलं खास प्रतिविष 2003 पासून मान्यताप्राप्त आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यानं बाळांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी 5.7 आठवड्यांवरून 2.6 आठवड्यांवर आणला. विष आतड्यातच बनत असल्यानं इथे जिवाणू मारण्याची घाई करत नाहीत, कारण फुटलेला जिवाणू आणखी विष सोडू शकतो. जेंटामायसिनच्या गटातली औषधं तर टाळतातच. ती स्नायूंची उरलीसुरली ताकदही घालवतात.

जंतूंवर पेनिसिलिन चालत असताना वर क्लिंडामायसिन कशाला जोडतात?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर तर्क इथे आहे.

1952 मध्ये हॅरी ईगल या अमेरिकी संशोधकाला एक विचित्र गोष्ट दिसली. उंदरांच्या स्नायूंत स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू टोचून लगेच पेनिसिलिन दिलं तर उंदीर वाचत; उशिरा दिलं तर, जिवाणू पेनिसिलिनला दाद देणारा असूनही, उंदीर मरत. पेनिसिलिन भिंत बांधणाऱ्या, म्हणजे वाढणाऱ्या जिवाणूला मारतं. गर्दी झाली की जिवाणू वाढायचं थांबतात. विष बनवायचं मात्र थांबत नाहीत. 1988 मध्ये डेनिस स्टीव्हन्स यांनी हाच प्रयोग क्लिंडामायसिननं केला आणि उशिरा देऊनही ते सरस ठरलं.

कारण क्लिंडामायसिन भिंतीच्या वाटेला जात नाही. ते जिवाणूच्या आतला प्रथिनं बनवणारा साचा अडवतं. विष हेही प्रथिनच, म्हणजे त्याचाही कारखाना बंद. मांस कुजवत पसरणारा संसर्ग किंवा टॉक्सिक शॉक (जिवाणूच्या विषानं रक्तदाब कोसळणं) असला की म्हणूनच दोन्ही औषधं जोडीनं देतात, मोठ्या माणसाला क्लिंडामायसिन साधारणपणे दर आठ तासांनी 900 मिलिग्रॅम. काही जिवाणू त्याला दाद देत नाहीत; तिथे लिनेझोलिड तेच काम करतं. पण यातलं काहीही शस्त्रक्रियेला पर्याय नाही. "औषधानं बघू, मग कापू" असं म्हणत नातेवाईक सहीला वेळ लावतात. कुजलेल्या मांसात रक्तच पोचत नसतं, तिथे औषध कुठून पोचणार?

आयव्हीआयजी सुचवलं आहे. एवढा खर्च करावा का?

आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं एकत्र केलेली बाटली. त्यात स्ट्रेप्टोकॉकसच्या विषांविरुद्धचीही काही असतात. स्ट्रेप्टोकॉकसच्या टॉक्सिक शॉकमध्ये वापरायला तर्क आहे, पुरावा अर्धामुर्धा आहे. 2003 चा युरोपातला अभ्यास 21 रुग्णांवरच थांबला, कारण रुग्णच मिळेनात. कल फायद्याकडे होता. 2017 मध्ये डेन्मार्कमध्ये मांस कुजवणाऱ्या संसर्गाच्या 100 रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात फरक दिसला नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांना स्ट्रेप्टोकॉकस नव्हताच. माझं मत विचाराल तर, खात्रीचा स्ट्रेप्टोकॉकल शॉक असेल आणि पहिल्या दिवशी देता येत असेल तर विचार करावा. पाचव्या दिवशी शेत गहाण टाकून नव्हे. डॉक्टरांना सरळ विचारा: "नेमकं कोणत्या विषासाठी देताय?"

अँटिबायोटिकमुळे विष वाढतं असं कधी होतं का?

होतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या काही जाती शिगा विष बनवतात. रक्ताची हगवण लागते आणि काहींची मूत्रपिंडं बंद पडतात. काही अँटिबायोटिकमुळे जिवाणू डिवचला जाऊन जास्त विष सोडतो, म्हणून अशा संशयात ती सरसकट देत नाहीत. जुलाब बांधणाऱ्या गोळ्याही नाहीत. भर असतो तो शिरेतून पाणी देण्यावर आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवण्यावर. आतड्यातच विष शोषून घेणारं सिनसॉर्ब पीके नावाचं औषध बनवलं गेलं होतं. 2003 मध्ये ते निरुपयोगी ठरलं. मूल दवाखान्यात येईपर्यंत विष आतड्यातून निघून गेलेलं असतं.

2011 मध्ये जर्मनीत अशीच मोठी साथ आली. 3,800 हून जास्त लोक आजारी पडले, 50 हून जास्त दगावले. धागा शेवटी कुठे पोचला? मोड आलेल्या मेथीपर्यंत. इजिप्तहून आलेल्या बियांवर संशय होता. आपण मोड आणून उसळ शिजवतो ते बरंच आहे. सॅलडमध्ये कच्चे मोड खाताना, विशेषतः लहान मुलांना देताना, विचार करा.

घोड्याऐवजी आता प्रयोगशाळेतली प्रतिपिंडं आली आहेत ना?

आली आहेत, पण चाल अडखळती आहे. अँथ्रॅक्सच्या (काळपुळीच्या) विषावर रॅक्सिबॅक्युमॅब 2012 मध्ये आणि ओबिल्टॉक्सॅक्सिमॅब 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. माणसांवर मुद्दाम अँथ्रॅक्सचा प्रयोग करता येत नाही, म्हणून परिणामाचा पुरावा सशांचा आणि माकडांचा. ही औषधं मुख्यतः जैविक हल्ल्याच्या धास्तीनं सरकारी साठ्यांत ठेवलेली असतात.

दुसरं बेझलोटॉक्सुमॅब. अँटिबायोटिकनं आतड्यातले भले जिवाणू मेले की क्लोस्ट्रिडियॉइडिस डिफिसील बोकाळतो आणि त्याच्या विषानं जुलाब होतात. (टॉक्सिक शॉकमध्ये जीव वाचवणारं क्लिंडामायसिन यातलं जुनं गुन्हेगार!) हे औषध त्या जिवाणूचं 'बी' विष पकडायचं. आजार उलटण्याचं प्रमाण साधारण 27 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आलं, 2016 मध्ये मान्यता मिळाली, आणि 2025 च्या सुरुवातीला कंपनीनं उत्पादनच बंद केलं. औषध निरुपयोगी ठरलं म्हणून नव्हे, व्यवसायाचा हिशेब.

सेप्सिसमध्ये अंतर्विषावरचं औषध का नाही?

सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीरानं दिलेला जीवघेणा प्रतिसाद. त्यावर प्रयत्न कमी झाले नाहीत. एचए-1ए नावाच्या प्रतिपिंडाचा 1991 मध्ये गाजावाजा झाला, 1993 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. एरिटोरान हे औषध जवळपास 2,000 रुग्णांवर तपासलं. 2013 मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. रक्त पॉलिमिक्सिन हे अंतर्विषाला चिकटणारं औषध लावलेल्या नळकांड्यातून फिरवून अंतर्विष गाळायची पद्धत जपानमध्ये 1994 पासून आहे. 2018 च्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात तिनंही 28 दिवसांतले मृत्यू घटवले नाहीत. पुढे निवडक रुग्णांवर अभ्यास चालू राहिला. अडचण अशी, की सेप्सिसचा पेशंट येतो तेव्हा विषानं भोंगा वाजवून झालेला असतो आणि शरीराची स्वतःची धावपळच जास्त नुकसान करत असते.

पटकीच्या विषावर काय?

प्रतिविष नाही, आणि लागतही नाही. हे विष 1959 मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. ते आतड्यातून पाणी आणि मीठ ओतायला लावतं. पण साखरेबरोबर मीठ शोषण्याची वाट मोकळीच ठेवतं. दिलीप महालनोबिस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत त्याच वाटेनं, साखर-मिठाच्या पाण्यावर लोक वाचवले. विषाला हात न लावता त्याच्यावर केलेली ही मात.

घरात कुणाला घटसर्प झाला, तर बाकीच्यांनी प्रतिविष घ्यावं का?

नाही. घरातल्यांच्या घशाचा नमुना घेतात, काही दिवस अँटिबायोटिक देतात आणि लसीचा राहिलेला डोस देतात. प्रतिविष आजारी माणसासाठी.

आणि जो बरा होऊन घरी आला, त्याला आता लस कशाला?

कारण हे आजार होऊन गेले तरी शरीर धडा शिकेलच असं नाही. धनुर्वातात तर जितक्या विषानं माणूस मरतो, तितकं विष शरीराच्या संरक्षण यंत्रणेला जागं करायलाही पुरत नाही. टोचलेलं प्रतिविष उसनं असतं, ते काही आठवड्यांत ओसरतं. म्हणून घटसर्प किंवा धनुर्वातातून उठलेल्या प्रत्येकाचं लसीकरण रुग्णालयातूनच सुरू करतात. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या डोसची तारीख लिहिली आहे का, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.